अविश्वासाची कारणे

परक्या देशाच्या उंबरठ्यावर उभा राहून, ‘मला माघारी धाडू नका, माघारी गेलो तर माझ्या जिवाची शाश्वती नाही,’ असे जो मनुष्य सांगतो, त्याच्यापाशी आपल्या कथनाच्या पुष्ट्यर्थ स्वतःच्या शब्दांखेरीज बहुधा दुसरे काहीच नसते. कारण छळ करणारा कोणाला छळाचा दाखला लिहून देत नाही, आणि रातोरात घर सोडून निघालेल्याला कागदपत्रांची जुळवाजुळव करण्यास सवड मिळालेली नसते. त्यामुळे अशा माणसाच्या अर्जाचा निकाल पुष्कळदा एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: हा खरे बोलतो आहे काय? आणि ज्या राज्यव्यवस्थेत कारभाऱ्यांच्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय आहे तेथे त्यामागून दुसरा प्रश्न उभा राहतो: ज्या अंमलदाराने त्याला खोटा ठरविले, त्याने ते कोणत्या कारणांनी ठरविले, आणि ती कारणे टिकण्याजोगी आहेत काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दुसऱ्या प्रश्नाभोवती शंभराहून अधिक वर्षे जो कायदा वाढत आला, त्याची ओळख मराठी वाचकास करून देण्याचा हेतू पुढील पृष्ठांमागे आहे. आपल्याकडील अनेक घरांतील मुलेबाळे त्या देशात नांदत असल्यामुळे तेथील आप्रवासन कायद्याविषयी आपल्याला आस्था असावी हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याहून मोठे कारण असे की, एखाद्या माणसाला सरकारी दप्तरात लबाड म्हणून नोंदविण्याचा अख्त्यार शासनाने कसा वापरावा, हा प्रश्न कोणत्याही एका देशापुरता नाही.

यंत्रणेची मांडणी प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ज्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची कारवाई सरकारने सुरू केली असेल, त्याचा मामला ‘इमिग्रेशन जज्ज’ या अधिकाऱ्यापुढे चालतो. हुद्दा जज्जाचा असला, तरी हा अधिकारी राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखाली आजन्म नेमलेला न्यायाधीश नव्हे. तो न्यायखात्याचा, म्हणजे पर्यायाने ॲटर्नी जनरलच्या हाताखालचा सेवक असतो. त्याच्या निकालावर अपील जाते ते १९४० साली स्थापन झालेल्या आप्रवासन अपील मंडळाकडे, आणि हे मंडळही त्याच खात्यात मोडते. मंडळाचा हुकूम विरुद्ध गेला, तर तीस दिवसांच्या मुदतीत सर्किट न्यायालयाकडे, म्हणजे संघराज्याच्या प्रादेशिक अपील न्यायालयाकडे, पुनर्विलोकनाचा अर्ज करावा लागतो, आणि तेथे त्या माणसाची गाठ कार्यकारी सत्तेबाहेरच्या न्यायाधीशाशी प्रथमच पडते. नुसता अर्ज दाखल केल्याने हद्दपारी तहकूब होत नाही. तहकुबी निराळी मागावी लागते. वकील स्वतःच्या खर्चाने आणण्याची मुभा आहे, पण सरकारने तो पुरविलाच पाहिजे असा हक्क नाही. अर्जदाराने आश्रय मागितलेला असो, निष्कासन रोखून धरण्याची विनंती केलेली असो, वा यातनाविरोधी कराराचा आधार घेतलेला असो, त्याची जबानी अविश्वसनीय ठरली की बाकीचा डोलारा बहुतेक वेळा कोसळतो.

या कायद्याची मुळे शोधू गेल्यास आपण पॅसिफिक किनाऱ्यावर येऊन पोहोचतो. १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. परंतु अमेरिकेत जन्मलेल्या चिनी माणसाला, आणि अशा नागरिकाच्या मुलाला, दार बंद करता येत नव्हते. १९०६ च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठच्या आगीत सान फ्रान्सिस्को शहराची जन्मनोंदीची दप्तरे जळून गेली, आणि मग ‘मी येथेच जन्मलो’ हा दावा कागदाने सिद्धही होईना, खोडूनही काढता येईना. काही खरे मुलगे आले, काही केवळ कागदोपत्री मुलगे आले; आणि त्यांची निवड करण्यासाठी १९१० पासून १९४० पर्यंत सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर एक विलक्षण परीक्षा चालली. तुमच्या गावात घरांच्या रांगा किती? तुमच्या रांगेतले तिसरे घर कोणाचे? विहीर कोणत्या अंगाला? तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदूळ साठवण्याची जागा कोठे? असे शेकडो प्रश्न दुभाष्यामार्फत आधी मुलाला विचारावयाचे, मग तेच बापाला किंवा भावाला विचारावयाचे, आणि उत्तरांत फरक पडला की नाते खोटे, असा निष्कर्ष काढावयाचा. पोरवयात गाव सोडलेला खरा मुलगा पायऱ्यांची संख्या चुकण्याचा संभव, तर टिपणे पाठ करून आलेला खोटा मुलगा ती अचूक सांगण्याचा संभव. म्हणजे या परीक्षेत पारख होत असे ती पाठांतराची, सत्याची नव्हे. विसंगती दिसली की असत्य सिद्ध झाले, हा जो समज आजही आप्रवासनाच्या निकालपत्रांत जागोजाग आढळतो, त्याचे जुने रूप या बेटावर पाहावयास मिळते, आणि म्हणूनच मी त्यावर इतका रेंगाळलो.

न्यायालयांनी या परीक्षेकडे कसे पाहिले? प्रारंभी त्यांनी जवळजवळ हात झटकले. १९०५ च्या जू टॉय खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाने असे ठरले की, देशात प्रवेश मागणाऱ्याने आपण नागरिक असल्याचा दावा केला तरी त्यावरील खात्याचा निर्णय अखेरचा. तीन वर्षांनी चिन याव खटल्यात त्याच होम्स यांनी एक झरोका उघडला: चौकशीच न्याय्य रीतीने झाली नसेल, तर न्यायालय हस्तक्षेप करील. पुढे १९२० च्या क्वॉक जान फॅट खटल्यात त्या झरोक्यातून किती प्रकाश येऊ शकतो हे दिसले. अर्जदार कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जन्मल्याचे सांगत होता. तीन गोऱ्या साक्षीदारांशी त्याची समोरासमोर गाठ घातली असता त्यांनी त्याला ओळखले, त्यानेही त्यांना ओळखले. पण ही ओळख पटल्याची गोष्ट अधिकाऱ्याने चौकशीच्या कागदांत लिहिलीच नाही. वरिष्ठांपुढे गेला तो अपुरा कागद, आणि त्यावरून अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत बोधप्रद निकाल आहे. कारण अर्जदार खरा की खोटा हे न्यायालयाने तेथे ठरविले नाही, तर ज्या कागदावरून त्याला खोटे ठरविले तो कागद प्रामाणिक आहे काय, एवढेच विचारले, आणि तेवढ्याने सगळा मामला उलटला. १९२२ साली एनजी फंग हो खटल्यात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: आधीपासून देशात राहणाऱ्या आणि नागरिकत्वाचा सबळ दावा करणाऱ्या माणसाला हद्दपार करावयाचे, तर त्या दाव्याचा निवाडा न्यायालयानेच केला पाहिजे, कारण हद्दपारीने माणसाची मालमत्ता जाते, प्राणही जाऊ शकतो, आणि ज्यांमुळे जगण्याला अर्थ येतो ते सारे जाऊ शकते.

जो नागरिक नाही, त्याच्या वाट्याला मात्र एवढे संरक्षण आले नाही. त्याच्या बाबतीत न्यायालय पाहते ते इतकेच की, खात्याच्या निष्कर्षाला ‘भरीव पुरावा’ आहे की नाही. ही कसोटी आप्रवासनासाठी घडलेली नव्हती. ती मुख्यतः कामगार-तंट्यांतून आली. समंजस मनाला पुरेसा वाटेल इतका पुरावा, अशी तिची व्याख्या १९३८ साली झाली, आणि १९५१ च्या युनिव्हर्सल कॅमेरा खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तिला धार आणली: न्यायालयाने खात्याच्या बाजूचा पुरावा तेवढा वेचून पाहावयाचा नाही, त्याचे वजन कमी करणारा पुरावाही जमेस धरून समग्र दप्तर पाहावयाचे. दरम्यान १९४३ च्या चेनरी निकालाने दुसरा एक दंडक घालून दिला होता, आणि प्रस्तुत विषयाचा आधारस्तंभ मी त्यालाच मानतो: खात्याचा निर्णय टिकवावयाचा तर तो खात्याने स्वतः दिलेल्या कारणांवरच टिकविला पाहिजे; न्यायालयाने मागाहून नवी कारणे शोधून त्याला ठिगळ लावावयाचे नाही. पुढे १९९२ च्या एलियास-झकारियास खटल्याने कसोटी कडक केली, आणि १९९६ च्या कायद्याने ती शब्दबद्ध केली: कोणत्याही समंजस निर्णायकाला विरुद्ध निष्कर्ष काढणे भागच पडावे अशी स्थिती नसेल, तर खात्याने ठरविलेली वस्तुस्थिती निर्णायक समजावी.

इतका मान कशासाठी द्यावयाचा, याचे परंपरागत उत्तर सर्वांना ठाऊक आहे: ज्याने साक्षीदाराला पाहिले, त्याचा चेहरा, त्याचे अडखळणे, त्याची नजर न्याहाळली, त्याला जे कळते ते नुसता कागद वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या दिवाणी कार्यसंहितेतही, अठराव्या आदेशाच्या बाराव्या नियमान्वये, साक्षीदाराच्या वर्तनाविषयीचा शेरा न्यायाधीशाला नोंदविता येतो, तो याच समजुतीने. समजूत टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पण ती आप्रवासनाच्या दालनात नेऊन ठेवली म्हणजे तिचे काय होते ते नीट पाहिले पाहिजे. तेथे अर्जदार बोलतो एका भाषेत, आणि जज्ज ऐकतो दुभाष्याचा आवाज. दुभाषी पुष्कळदा टेलिफोनवर असतो. अर्जदार बंदिगृहात आणि जज्ज दुसऱ्या गावी पडद्यासमोर, असेही होते. वरिष्ठाच्या नजरेला नजर देणे हा कित्येक समाजांत उद्धटपणा समजला जातो. आणि यातना भोगलेला माणूस ती हकीकत सांगताना कधी निर्विकार, कधी विस्कळीत होतो. अशा स्थितीत ‘अर्जदाराचे उत्तर टाळाटाळीचे होते’ हा शेरा जर एका ओळीत संपत असेल, आणि कोणते उत्तर, कोणत्या प्रश्नाला, हे त्यात नसेल, तर वरच्या न्यायालयाने मान द्यावयाचा तो नेमका कशाला?

दप्तराचे स्वरूपही जवळून पाहण्यासारखे आहे. एकाच माणसाची एकच हकीकत त्यात तीन-चार वेळा आलेली असते. पहिली आवृत्ती विमानतळावरच्या किंवा सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने घेतलेला जबाब. हा घेताना माणूस थकलेला, घाबरलेला, आणि प्रश्न बहुधा ‘का आलास, कसा आलास’ एवढ्यापुरते. उत्तर शब्दशः उतरविलेले नसून सारांशाने टिपलेले. दुसरी आवृत्ती आश्रयाच्या छापील अर्जाला जोडलेली कैफियत, जी पुष्कळदा दुसऱ्याच कोणी लिहून दिलेली असते. तिसरी प्रत्यक्ष सुनावणीतली जबानी, कित्येक वर्षांनंतरची. ध्वनिमुद्रणावरून मागाहून तिची नक्कल करतात, आणि ऐन महत्त्वाच्या वाक्यात ‘शब्द ऐकू आला नाही’ अशी खूण नकलेत आढळावी, हे अनेकदा घडते. चौथी, डॉक्टरांची, नातेवाइकांची, पुजाऱ्या-पाद्र्यांची पत्रे. त्यात पंचांगांचा घोळ: नेपाळी माणूस विक्रम संवतात तारीख सांगतो, ते वर्ष इसवी सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षे पुढे, इथिओपियाचा माणूस आपल्या पंचांगाने सांगतो, ते सात-आठ वर्षे मागे, आणि दुभाष्याने हिशेब कधी करावयाचा, कधी नाही, याचा नियम दप्तरात कोठेच नसतो. शक आणि सन यांचा मेळ घालण्यात ज्यांच्या पूर्वजांच्या पिढ्या गेल्या, त्या मराठी वाचकाला अशा ‘विसंगती’ची जात ओळखावयास वेळ लागू नये. २००४ साली दुसऱ्या सर्किट न्यायालयाने श्रीलंकेतील एका तमिळ अर्जदाराच्या प्रकरणात विमानतळावरील जबाबाविषयी जो इशारा दिला तो याच जाणिवेतून: तो शब्दशः आहे काय, आश्रयाचा तपशील बाहेर येईल असे प्रश्न विचारले होते काय, पूर्वी सरकारी जुलूम सोसल्यामुळे अर्जदार बोलण्यास बिचकला असेल काय, त्याला भाषा समजत होती काय, हे पाहिल्यावाचून त्या जबाबाच्या आधारे कोणाला खोटे ठरवू नये.

आणि नेमक्या याच सुमारास व्यवस्थेवर ताण आला. २००२ साली ॲटर्नी जनरल ॲशक्रॉफ्ट यांनी अपील मंडळाच्या सभासदांची संख्या तेवीसवरून अकरावर आणण्याची योजना केली, एकाच सभासदाने कारणे न देता निकाल कायम करण्याची पद्धत विस्तारली, आणि मंडळाने वस्तुस्थितीत, म्हणजे विश्वसनीयतेतही, उघड चूक असल्याशिवाय हात घालू नये असा नियम केला. मंडळात जी गाळणी व्हावयाची ती न झाल्याने कच्चे निकाल थेट सर्किट न्यायालयांच्या दारी जाऊन पडले. सातव्या सर्किटचे न्यायमूर्ती पॉस्नर यांनी २००५ च्या नोव्हेंबरात बेन्सलिमान खटल्याचा निकाल लिहिताना हिशेबच मांडला: गेल्या वर्षभरात गुणवत्तेवर निकाली निघालेल्या १३६ अर्जांपैकी ४० टक्क्यांत मंडळाचा निर्णय पूर्णतः वा अंशतः फिरवावा लागला होता, तर ज्या इतर दिवाणी प्रकरणांत संयुक्त संस्थाने उत्तरवादी होती त्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. संथ वृत्तीचे, खात्यांना मान देणारे न्यायाधीशही त्या काळात कठोर शब्द लिहू लागले होते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘रिअल आयडी’ कायदा अमलात आला. या कायद्याने जज्जाला सांगितले की, परिस्थितीचा समग्र विचार करून विश्वसनीयता ठरवावी. आविर्भाव, मोकळेपणा, हकीकतीची संभाव्यता, लेखी आणि तोंडी कथनांतील मेळ हे सारे पाहावे. आणि विसंगती वा चूक दाव्याच्या गाभ्याला भिडते की नाही याची पर्वा न करता तिची दखल घेता यावी. पूर्वी अनेक न्यायालये असा आग्रह धरीत की, विसंगती गाभ्याची असली पाहिजे. तो आग्रह या कायद्याने मोडला. मला या कलमाची भीती वाटते ती अशी की, दप्तर पुरेसे जाड असेल तर किरकोळ फरक कोणाच्याही हकीकतीत सापडतील. परंतु त्याच कलमातील ‘समग्र’ हा शब्द दुधारी आहे, आणि न्यायालयांनी त्याची दुसरी धार वापरली याचे मला समाधान वाटते. नवव्या सर्किटने २०१० च्या श्रेष्ठ खटल्यात नेपाळी अर्जदाराचा अर्ज फेटाळला खरा, पण फेटाळतानाच बजावले की, छपाईच्या चुकीसारखा ज्याचा सत्याशी संबंध नाही असा क्षुल्लक फरक अविश्वासाचा पाया होऊ शकत नाही. दुसऱ्या सर्किटने २०१८ साली तपशील गाळणे आणि परस्परविरुद्ध बोलणे यांत भेद केला. पत्रात एखादी जखम नमूद नाही म्हणून जखमच झाली नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. आणि नवव्या सर्किटच्या विस्तारित पीठाने २०२१ च्या आलम खटल्यात आपलाच जुना नियम मोडीत काढला: अविश्वासाच्या अनेक कारणांपैकी एक टिकले की निकाल टिकला, हा तो नियम. बाकीची कारणे गळून पडल्यावर उरलेल्याचे वजन पुन्हा तोलले पाहिजे. समग्र विचार म्हणजे हाच.

परंतु त्याच वर्षी, १ जून २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नवव्या सर्किटला दुसऱ्या एका बाबतीत एकमताने चुकीचे ठरविले. जज्जाने वा मंडळाने अर्जदाराला स्पष्टपणे अविश्वसनीय म्हटले नसेल तर वरच्या न्यायालयाने त्याची जबानी खरी धरून चालावे, असा त्या सर्किटचा शिरस्ता होता. मिंग दाई प्रकरणात अर्जदाराने चीनमधील छळाची हकीकत सांगितली, पण आपली पत्नी आणि मुलगी आपल्याबरोबर अमेरिकेत येऊन स्वखुशीने परत गेल्या ही गोष्ट आधी सांगितली नव्हती. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिले की, कायद्यातील विश्वसनीयतेचे गृहीतक मंडळापुढील अपिलापुरते आहे, न्यायालयातील पुनर्विलोकनाला ते लागू नाही; शिवाय विश्वसनीय माणसाचे बोलणेही पुराव्याच्या तोलात उणे पडू शकते. कायद्याची अक्षरे पाहता हा निकाल योग्य आहे हे मी मान्य करतो. माझे दुःख निराळे आहे. खात्याने ‘आम्ही यावर विश्वास ठेवीत नाही’ हे शब्द लिहिण्याची सक्ती नवव्या सर्किटच्या नियमाने अप्रत्यक्षपणे केली होती, आणि ती सक्ती गेल्यामुळे जज्जाच्या मनात काय होते हे वरच्या न्यायालयाला वाक्यांच्या सांधींतून ताडावे लागते. चेनरी निकालाने ज्या कारणांची अपेक्षा केली ती कारणे अधिक धूसर होतात. ज्याला माघारी धाडावयाचे, त्याला निदान आपल्या कोणत्या वाक्यापाशी अविश्वास उत्पन्न झाला हे समजण्याचा अधिकार आहे, असे मी मनापासून मानतो.

याहून गंभीर घटना २०२२ सालची. पटेल विरुद्ध गारलँड या खटल्यातील अर्जदार भारतातून गेलेले, जॉर्जिया राज्यात दीर्घकाळ राहिलेले गृहस्थ. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जात त्यांनी ‘नागरिक’ या चौकटीत खूण केली होती. ती खूण चुकून झाली, असे ते सांगत. नागरिक नसतानाही तो परवाना आपल्याला मिळू शकत होता, तेव्हा खोटे बोलण्यात लाभ काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. इमिग्रेशन जज्जाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, कायम वास्तव्याच्या परवानगीसारखी जी सवलत खात्याच्या मर्जीवर सोपविलेली आहे, तिच्या ओघात ठरविलेल्या वस्तुस्थितीची तपासणी करण्याचा अधिकारच संघराज्याच्या न्यायालयांना नाही. अल्पमताचा निकाल गॉर्सच यांनीच लिहिला, आणि दप्तरी चूक कितीही ढळढळीत असली तरी तिच्यावर कोठेच दाद नाही, या परिणामाविषयी त्यांनी जी तळमळ व्यक्त केली ती वाचनीय आहे. आश्रयाच्या अर्जाला ही बंदी लागू नाही. तेथे भरीव पुराव्याची कसोटी, कडक का होईना, जिवंत आहे. पण हद्दपारीच्या इतर अनेक प्रकरणांत एका चौकटीतली खूण आणि तिच्याविषयीचा एका अधिकाऱ्याचा अविश्वास एवढ्यावर तीन दशकांच्या संसाराचा निकाल लागतो, आणि त्या अविश्वासाची कारणे कोणी बाहेरचा न्यायाधीश वाचीत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये विल्किन्सन खटल्यात न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी ही मर्यादा थोडी आखून दिली. ठरलेल्या वस्तुस्थितीला कायद्यातील कसोटी लागू पडते की नाही हा प्रश्न न्यायालय तपासू शकते. परंतु साक्षीदार विश्वसनीय होता की नव्हता, हा निष्कर्ष अशा प्रकरणांत तपासणीबाहेरच राहतो. त्यामुळे अशा अर्जांत आता वकिलांची मेहनत खर्ची पडते ती विश्वसनीयतेच्या वादातून कायद्याचा प्रश्न वेगळा काढून दाखविण्यात: जज्जाने दप्तरातला अमुक पुरावा विचारातच घेतला नाही, चुकीची कसोटी लावली, विसंगतीचा खुलासा करण्याची संधीच दिली नाही. पुढील प्रकरणांत जे निकाल दिले आहेत ते वाचताना वाचकाने प्रत्येक निकालपत्रात अविश्वासाचे पहिले कारण कोणत्या पृष्ठावरच्या कोणत्या उत्तरातून काढले आहे, ते उत्तर कोणत्या भाषेत दिले होते, आणि त्याचा खुलासा अर्जदाराला विचारला होता काय, एवढे तीन तपशील शोधून पाहावेत.